सावलीचा वाटा

मला फुलं फारशी आवडत नाहीत. नाशिकसारख्या गावात, आणि त्यातही गुलाब-शेवंतीवर पोट भरणाऱ्या घरात सून म्हणून आलेल्या बाईने हे बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आता गुडघे गेलेत, नर्सरी बंद केली आहे, गिऱ्हाइकाला राजी ठेवायची गरज उरलेली नाही, तेव्हा एकदा लिहूनच टाकते. फूल दोन दिवस मिरवतं आणि मान टाकतं. मी आयुष्यभर पानं विकली. ज्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, शेंग धरत नाही, अशी पानं. पुस्तकात त्यांना नेचे म्हणतात, गिऱ्हाईक फर्न म्हणतं, आणि माझ्या सासूबाई 'मंगलचं गवत' म्हणायच्या. मंगल म्हणजे मी.

माझं माहेर हरसूलकडचं. घरामागे ओहोळ, आणि पावसाळा लागला की ओहोळाच्या दोन्ही काठांना नेचेच नेचे. त्यातल्या एका जातीच्या पानाला पाठीमागून चुन्यासारखी पांढरी भुकटी असते. ते पान हातावर ठेवून वर चापट मारली की कातडीवर पानाचा पांढरा ठसा उमटतो. मेंदी वर्षातून कधीतरी, हे ठसे रोज. लग्न होऊन मखमलाबादला आले, पहिल्या पंचमीला माहेरी गेले आणि परतताना ओल्या गोणपाटात नेच्यांचे चार गड्डे बांधून आणले. सासूबाईंनी गोणपाट सोडून बघितलं आणि म्हणाल्या, "फूल नाय, फळ नाय. हे देवाला वाहायचं का गुरांना घालायचं?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "मला बघायला आणलंय."

हे उत्तर त्या घरात पुढे कितीतरी वर्षं मला ऐकवलं जायचं. कुणाच्याही हातून काही बिनकामाचं घडलं की ते 'मंगलसारखं बघायला' असायचं. मी काही त्यावरून तोंड लहान केलं नाही.

पुढे वाटण्या झाल्या. कालव्याकडचं स्वच्छ उन्हाचं रान थोरल्या दिरांकडे गेलं, रस्त्याकडचं धाकट्याकडे, आणि आमच्या वाट्याला आली जुन्या आंब्यांखालची पट्टी. तिथे झेंडू लावला तर तो ऊन शोधत लांबच लांब वाढून आडवा पडायचा आणि गुलाबाला नुसते काटे यायचे. आमच्या यांनी तीन पावसाळे डोकं आपटलं आणि अंबडच्या कंपनीत नोकरी धरली. "सावलीत काय पिकतं?" असं तेव्हा घरातला प्रत्येक जण एकदा तरी म्हणाला. मी पट्टी मागून घेतली. कुणाला नको असलेली वस्तू मागितली की लोक लगेच देतात, वर उपकारही करतात.

आता गंमत ऐका. शहर वाढत आलं. दिरांनी उन्हाचं रान विकलं, तिथे उंच इमारती आल्या, आणि त्या इमारतींची सावली माझ्या पट्टीवर पडायला लागली. त्यांनी ऊन विकलं आणि मला फुकटात आणखी सावली मिळाली. तेवढंच नाही. बंगले पाडून फ्लॅट झाले, तशी सगळ्या नाशिकची अंगणं सावलीत गेली. गुलाब लावून लावून हरलेले लोक कुणाकुणाला विचारत माझ्याकडे यायला लागले. गावातलं ऊन कमी होत गेलं आणि माझा धंदा वाढत गेला. सासूबाई शेवटी शेवटी आल्यागेल्याला म्हणायच्या, आमच्या मंगलचं गवत सोसायट्यांमध्ये जातं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

ज्यांना हे झाड लावायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते, कारण इंटरनेटवर बघून लोक भलतंच करतात. सावली म्हणजे अंधार नव्हे. भर दुपारी त्या जागी हात धरा. हाताची सावली ठळक पडली तर तिथे ऊन जास्त आहे, पडलीच नाही तर जागा काळोखी आहे, आणि पुसट पडली तर तिथे बिनधास्त लावा. आपल्या काळ्या मातीचा सगळ्यांना फार अभिमान, पण नेच्याला ती नको. पावसात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि दोन्ही वेळा मुळं गुदमरतात. कुजलेला पालापाचोळा भरपूर घ्या, त्यात विटांचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, थोडी वाळू. जिथून पानं फुटतात तो गड्डा मातीत पुरू नका, वर दिसू दे. बोअरच्या पाण्याने पानावर पांढरे डाग पडतात, जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं द्या. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात झाडाच्या डोक्यावर बादल्या ओतू नका, आजूबाजूच्या विटा, जमीन, भिंत भिजवा. या झाडाला तहान मुळांपेक्षा हवेची जास्त असते.

हे सगळं सांगूनही लोक आपलं तेच करतात. एक बँकेतले साहेब वर्षाने कुंडी परत घेऊन आले. म्हणे फूल आलं नाही, बदलून द्या. मी विचारलं, "आंब्याला कांदे लागले नाहीत म्हणून आंबा परत करता का?" ते रागावून गेले आणि पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आणखी दोन कुंड्या न्यायला आले. एक बाई रोज पानांना खोबरेल लावायच्या, चकाकी यावी म्हणून. झाड तेलकट होऊन मेलं, तरी त्यांचं म्हणणं तेल चांगल्या घाण्याचं होतं.

पण सगळ्यात जास्त तक्रार यायची ती पानाच्या पाठीची. नेच्याचं पान वयात आलं की त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके उठतात, काही जातीत नीट ओळीने, काही जातीत कडेला गोट लावल्यासारखे. बोट फिरवलं की तपकिरी पूड हाताला लागते. तेच त्याचं बी. बाकीची झाडं फुलात बी धरतात, हे पाठीवर धरतं. लोकांना वाटतं कीड पडली. कुणी हेअरपिनने खरवडून काढायचं, कुणी पानं कापून टाकायचं. मी ती पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची, पूड गळली की उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या विटेच्या तुकड्यावर भुरभुरायची आणि वर काच झाकायची. बरेच दिवस काही होत नाही. मग विटेवर हिरवी साय धरते, आणि त्या सायीतून कधीतरी नखाएवढं पान उभं राहतं. लोकांनी कीड म्हणून टाकलेल्यावर माझी अर्धी नर्सरी उभी होती.

आता बाईंची गोष्ट.

गंगापूर रोडला एका सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचा पलंग उत्तरेच्या खिडकीशी होता. खिडकीबाहेर इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ. वरच्या एसींचं पाणी तिथे ठिबकायचं, फुटक्या फरशा पडलेल्या, मांजरं फिरायची. बाईंनी कुणाकडून तरी माझा नंबर घेतला आणि बोलावलं. मी गेल्यावर चहापाणी विचारायच्या आधी म्हणाल्या, "मला आता कुठे जाता येत नाही. दिवसभर हे बघायचं. इथे जमिनीतून काहीतरी वर येताना दिसलं पाहिजे. जमेल का नाही एवढंच सांगा, पाल्हाळ नको."

मी खिडकीतून हात बाहेर धरला. पुसट सावली पडली. मी म्हटलं, "जमेल."

त्या सोसायटीचे चेअरमन अण्णा. मूळचे विंचूरकडचे, सगळा जन्म द्राक्षात गेलेला. बाग मुलांच्या ताब्यात देऊन नातवंडांच्या शाळेसाठी ते इथे फ्लॅटमध्ये आले होते, पण मन तिकडेच. त्यांच्या मनात त्या बोळात पेव्हर ब्लॉक घालून गाड्या लावायच्या होत्या. बाईंच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही, कारण त्यांची सूनच बाईंची विद्यार्थिनी. मी काम सुरू केलं तेव्हा ते येऊन उभे राहिले.

"सावलीत काय येणार, ताई? शेवाळ?"

"तेही येईल," मी म्हटलं, "आणि तेही चांगलंच असतं."

तेव्हाच माझे गुडघे बोलायला लागले होते. पाटावर बसून, पाट सरकवत सरकवत मी तो बोळ साफ केला. राडारोडा काढला, माती घातली, एसीच्या पाण्याला वाट करून दिली, भिंतीशी दगड रचले. पहिला पावसाळा रोपं नुसती तग धरून राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात बोळ भरून गेला. नेच्याचं नवं पान गुंडाळी होऊन वर येतं आणि हळूहळू उलगडतं. बाईंना त्याचं वेड लागलं. वॉकर धरून त्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि रोज सकाळी हजेरी घ्यायच्या, कोण उलगडलं, कोण अजून झोपलेलं. डॉक्टर जे व्यायाम सांगून थकले होते ते त्या पानांसाठी आपोआप व्हायला लागले. मला त्यांचा फोन यायचा, "तो कोपऱ्यातला उनाड आज उठला बरं का." मी तो बोळ माझं शेवटचं मोठं काम म्हणून केला होता, आणि सांगायला लाजत नाही, त्या दिवसांत मी फार खुशीत होते.

मग दिवाळीनंतर अवकाळी ढग आले. ढग दिसले की द्राक्षवाल्याचा हात आपसूक फवारणीच्या पंपाकडे जातो. त्यात त्यांची चूक नाही, एका ढगाळ आठवड्यात वर्षाचं पीक जातं तिकडे. अण्णांना इथे बाग नव्हती, पण पंप मात्र त्यांनी गावाहून आणून गच्चीवर ठेवला होता. त्या ढगाळ सकाळी ते बोळातून चालले होते, सहज एक पान उलटं केलं, आणि पाठीवर तपकिरी पूड. द्राक्षाच्या पानावर तांबेरा पडतो तो अगदी असाच दिसतो. अण्णांनी मागचापुढचा विचार न करता मोरचूद आणि चुना कालवला, बोर्डो मिश्रण केलं, आणि पाठीवर पंप घेऊन अख्खा बोळ धुऊन काढला. वरून, खालून, पानांच्या पाठीसुद्धा.

बाईंचा फोन आला. "अण्णांनी काहीतरी मारलंय. सगळं निळं झालंय. लवकर या."

मी पोचले, पाईप लावून धुतलं, पण उशीर झाला होता. नेच्याचं पान नाजूक, त्याला द्राक्षाचं औषध सोसत नाही. काही दिवसांत पानं टोकाकडून काळी पडत गेली. अण्णा मात्र खुशीत होते. आपण वेळेवर बघितलं, नाहीतर सगळी बाग गेली असती, असं ते मला सांगायला लागले. मी त्यांना म्हटलं की तो रोग नव्हता, ते बी होतं, माझ्या झाडांची दोन वर्षांची कमाई होती ती.

"ताई," अण्णा म्हणाले, "जन्म गेला माझा द्राक्षात. मला पानाची पाठ शिकवू नका."

"द्राक्षाची नाही शिकवत," मी म्हटलं. "ज्याची तुम्हाला माहिती नाही त्याची शिकवते."

चारचौघांत हे बोलायला नको होतं, असं नंतर आमचे हे म्हणाले. मला तसं वाटत नाही. माझं झाड जाळलं होतं, मी गोड कशाला बोलू?

मी सगळी पानं जमिनीलगत कापली. गड्डे आतून हिरवे होते, वेळ मिळाला तर फुटणार हे मला दिसत होतं. पण बघणाऱ्याला बोळ उजाड दिसत होता, आणि सोसायटीची मीटिंग लागली ती याच मुद्द्यावर. सावलीत काही येत नाही हे सिद्ध झालं, आता पेव्हर टाका, असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंना खुर्चीतून आणलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की पावसाळ्यापर्यंत थांबा. मी सभासद नव्हते, बोलायचा हक्क नव्हता, तरी मी उभी राहिले आणि अण्णांकडे बघून बोलले.

"अण्णा, एप्रिलात तुम्ही खरड छाटणी करता. वेलीवर पान ठेवत नाही. तेव्हा रस्त्याने जाणारा कुणी म्हणाला, ही बाग मेली, उपटून टाका, तर तुम्ही काय कराल?"

अण्णा टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, मी आजही शपथेवर सांगेन. पण पटलं म्हणायचं तर, आपण निरोगी झाडं जाळली, हेही त्याच वेळी कबूल करायला लागणार होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेव्हरच्या बाजूने हात वर केला.

उन्हाळ्यात ब्लॉक बसले. गड्डे उकरून काढून देते, खिडकीत कुंड्यांमध्ये लावू, असं मी बाईंना सांगितलं. त्या नको म्हणाल्या. "कुंडीतलं सगळेच बघतात. मला खालून वर येणारं हवं होतं." त्यांनी खिडकीला पडदा लावून घेतला. वॉकर पलंगाशी तसाच उभा राहायला लागला, असं त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी मला सांगितलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी नर्सरी बंद केली. उरलेली झाडं वाटून टाकली. त्या सोसायटीच्या रस्त्याने रिक्षा गेली तरी मी तोंड दुसरीकडे करायची. वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त होता, आणि रागच बरा, असं माझं मत आहे. वाईट वाटून घेणारं माणूस घरात बसतं.

पावसाळा आला, संपत आला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला.

"ताई," अण्णा म्हणाले, "तुमचा तांबेरा परत आलाय."

मी काठी घेऊन रिक्षाने गेले. बोळाच्या तोंडाशी दोन विटा आडव्या ठेवून वर दोरी बांधलेली. आत एकही गाडी नव्हती. आणि पेव्हरच्या प्रत्येक सांधीतून नेचे उभे होते. भिंतीच्या चिरांमधून, एसीचं पाणी ठिबकतं तिथून, बाईंच्या खिडकीखालच्या कोनाड्यातून. अण्णांनी फवारायच्या आधी ती पूड दोन वर्षं सगळ्या बोळात झडत होती. भिंतीत, दगडात, सांधीत बसली होती. ब्लॉकखाली कामगारांनी वाळू अंथरली आणि वर पाऊस पडला. मी विटेच्या तुकड्यावर काच झाकून करत होते तेच सोसायटीने स्वखर्चाने एवढं मोठं करून ठेवलं होतं.

श्रावणापासून बघतोय, असं अण्णा म्हणाले. झाडूवालीला सांधी खरवडायला त्यांनीच मनाई केली होती, गाड्या पलीकडे लावायला लावल्या होत्या. मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर चेअरमन मी आहे, मी बघतो, एवढंच उत्तर. कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं होतं. माफी वगैरे ते काही बोलले नाहीत आणि मीही वाट बघितली नाही. त्यांनी वाकून एक पान बोटाने उलटं केलं. पाठीवर तपकिरी ओळ धरायला लागली होती.

"तांबेरा आहे," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

"मग आणा पंप."

"पंप गावी पाठवला," अण्णा म्हणाले. "पोरांना लागतो. इथे काय काम त्याचं?"

तेवढ्यात मागून आवाज आला. खिडकीचा पडदा बाजूला झालेला, आणि बाई गजांना धरून उभ्या. "तुमचं दोघांचं झालं असेल तर बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "माझी हजेरी राहिली आहे."

आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला चिकटून उभे राहिलो.

सावलीत काय येतं, असं अजूनही लोक मला विचारतात. मी आता समजावत बसत नाही. त्या सोसायटीचा पत्ता देते, आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावा म्हणून सांगते.